हार्वर्डचे विधिविद्यालय : प्रश्नाची परंपरा

महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी वस्त्यांचा इतिहास चाळू लागलो, की त्यात वकिलीचा पेशा पदोपदी भेटतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे असो वा बेळगाव, हैदराबाद असो. संस्थानी न्यायखात्यातील एखादा मुन्सफ, जिल्हा न्यायालयात नाव काढलेला एखादा वकील, वाचनालयाच्या वा शाळेच्या कार्यकारिणीवरील एखादा कायदेपंडित आपल्या आठवणींत असतोच. ही मंडळी कायदा शिकली ती बहुतांशी व्याख्याने ऐकून आणि क्रमिक पुस्तके वाचून. अनेकांनी नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळचे वर्ग केले. कलमे मुखोद्गत असणे हे त्या शिक्षणाचे भूषण होते. आज त्याच घरांतील नातू-नाती बंगळुरू वा दिल्ली येथे कायदा शिकतात तेव्हा चित्र निराळे दिसते. वर्गात येण्यापूर्वी त्यांना न्यायालयाचा मूळ निवाडा वाचावा लागतो आणि वर्गात अध्यापक सांगण्यापेक्षा विचारतोच अधिक. हा पालट आपल्याकडे आला तो दूरच्या एका वर्गखोलीतून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज या गावी, हार्वर्ड विद्यापीठाच्या विधिविद्यालयात, १८७० साली त्याचा आरंभ झाला. त्या विद्यालयाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे. जगाला प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या संस्थेवर स्वतःलाच प्रश्न विचारण्याची पाळी आली तेव्हा काय घडले, हा त्या इतिहासाचा भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

हार्वर्ड महाविद्यालयाची स्थापना १६३६ ची. परंतु कायद्याचे अध्यापन तेथे सुरू व्हायला पुढे जवळजवळ दोन शतके जावी लागली. त्या काळी अमेरिकेत वकील होऊ इच्छिणारा तरुण एखाद्या नामांकित वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करी, दस्तऐवजांच्या नकला उतरवून काढी आणि फावल्या वेळात ब्लॅकस्टोनचे ग्रंथ वाची. विद्यापीठाने कायदा शिकवावा अशी कल्पना रुजू लागली ती आयझॅक रॉयल नावाच्या एका धनिकाच्या मृत्युपत्रामुळे.

या रॉयल घराण्याचे वैभव अँटिग्वा बेटावरील उसाच्या मळ्यांतून आले होते आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १७३६ साली त्या बेटावर गुलामांच्या कथित कटाचा बोभाटा झाला आणि अनेक गुलामांना जिवंत जाळण्यात आले. पुढच्याच वर्षी थोरले रॉयल कुटुंबासह बॉस्टनजवळील मेडफर्ड येथे येऊन राहिले, तेव्हा त्यांच्याबरोबर २७ गुलाम होते. धाकटे आयझॅक रॉयल हे इंग्रज राजाच्या पक्षाचे. स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागताच १७७५ साली त्यांनी अमेरिका सोडली आणि १७८१ साली इंग्लंडमध्ये त्यांचा अंत झाला. कायद्याचे अथवा वैद्यकाचे एक अध्यासन निर्माण व्हावे म्हणून आपल्या जमिनींचा काही भाग त्यांनी हार्वर्डला लिहून ठेवला होता. त्या देणगीतून १८१५ साली कायद्याचे पहिले अध्यासन उभे राहिले. मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश आयझॅक पार्कर त्यावर आले आणि त्यांच्याच सूचनेवरून १८१७ साली विधिविद्यालय सुरू झाले.

याच मिळकतीवर आणखी एका व्यक्तीने हक्क सांगितला होता. तिचे नाव बेलिंडा. बालपणी आफ्रिकेतून पळवून आणलेली ही स्त्री रॉयल यांच्या घरी सुमारे पन्नास वर्षे गुलाम म्हणून राबली. १७८३ साली तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. ज्या संपत्तीत आपल्या श्रमाचा वाटा आहे, तीतून आपल्याला व आपल्या आजारी मुलीला पोटापुरते मिळावे, एवढीच तिची मागणी होती. विधिमंडळाने वार्षिक १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. परंतु ते पैसे लवकरच थांबले आणि तिला पुनःपुन्हा अर्ज करावे लागले. रॉयल यांच्या धनातून कायद्याचे अध्यासन निघण्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधी त्याच धनाविषयी न्यायाचा प्रश्न एका निरक्षर स्त्रीने विचारून ठेवला होता. विद्यालयाच्या कुळकथेत तिचे नाव यायला मात्र दोन शतके जावी लागली.

नव्या विद्यालयाची पहिली वर्षे हलाखीची गेली. १८२९ पर्यंत विद्यार्थी जवळजवळ उरलेच नव्हते. त्या साली नेथन डेन या विधिज्ञाने १०,००० डॉलरची देणगी दिली आणि तीतून निर्माण होणाऱ्या अध्यासनावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांची नेमणूक व्हावी अशी अट घातली. स्टोरी यांनी न्यायासन न सोडता अध्यापन केले, अमेरिकी कायद्यावर भाष्यग्रंथांची मालिका लिहिली आणि विद्यालयाला देशभर नाव मिळवून दिले. १८४५ साली ते निवर्तले. त्यानंतरची पंचवीस वर्षे शैथिल्याची होती. अध्यापक तीन, अभ्यासक्रम दीड वर्षाचा, परीक्षा नाही. ठरावीक काळ उपस्थिती लावली की पदवी हाती पडे.

१८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ते मुळात रसायनशास्त्राचे अध्यापक. प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने प्रयोग केल्यावाचून विद्या येत नाही, ही त्यांची धारणा. कायद्याच्या शिक्षणाची सूत्रे त्यांनी क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांच्याकडे सोपवली. न्यू हॅम्पशरमधील गरीब घरात जन्मलेले लँगडेल न्यूयॉर्कमध्ये वकिली करीत. पण न्यायालयापेक्षा ग्रंथालयातच अधिक रमत. १८७० मध्ये ते प्राध्यापक आणि त्याच वर्षी विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. कायदा हे शास्त्र आहे, त्याची मूलतत्त्वे निवाड्यांतून शोधायची असतात आणि ग्रंथालय हीच विधिज्ञाची प्रयोगशाळा होय, हा त्यांचा सिद्धान्त.

त्या वर्षीच्या शरदऋतूत करारकायद्याच्या पहिल्या तासाला लँगडेल यांनी व्याख्यान दिलेच नाही. निवडक निवाड्यांची छापील पाने विद्यार्थ्यांना आधीच दिलेली होती. त्यांनी एका विद्यार्थ्याचे नाव घेऊन ‘पेन विरुद्ध केव्ह’ या खटल्यातील हकिकत सांगावयास फर्मावले. १७८९ सालचा हा इंग्लंडमधील निवाडा वरकरणी अगदी साधा आहे. एका लिलावात प्रतिवादीने चाळीस पौंडांची शेवटची बोली केली आणि लिलाव पुकारणाऱ्याचा हातोडा पडण्याआधीच ती मागे घेतली. तो त्या बोलीने बांधला गेला काय? न्यायालय म्हणाले, नाही. बोली हा केवळ प्रस्ताव, हातोडा पडणे ही त्याची स्वीकृती. आणि स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो.

व्याख्यान देणाऱ्या अध्यापकाने हा नियम दोन वाक्यांत सांगून टाकला असता. लँगडेल मात्र विचारीत राहिले. वादीचे म्हणणे काय होते? न्यायालयाने ते का नाकारले? हातोडा पडला आणि त्याच क्षणी बोलणारा ‘नको’ म्हणाला, तर? विकणाऱ्यालाही माल मागे घेता येईल का? एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघे आणि विद्यार्थ्याला आपलेच आधीचे उत्तर सुधारावे लागे. आपल्याकडील शास्त्रसभांत पूर्वपक्ष मांडून, त्याचे खंडन करून सिद्धान्ताकडे जाण्याची रीत होती, तिची येथे आठवण होते. भेद एवढाच, की भाष्यग्रंथांत पूर्वपक्ष आणि सिद्धान्त दोन्ही एकाच पंडिताच्या लेखणीतून उतरतात. लँगडेल यांच्या वर्गात पूर्वपक्ष विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घेतला जाई आणि सिद्धान्त बहुधा कोणी सांगतच नसे. वर्ग संपे तेव्हा वहीत लिहून घेण्याजोगे फारसे काही हाती नसे.

विद्यार्थ्यांना हे रुचले नाही. आपण पैसे मोजले ते अध्यापकाचे ज्ञान ऐकण्यासाठी, सहाध्याय्यांचे अज्ञान ऐकण्यासाठी नव्हे, अशी कुरकुर झाली. पुष्कळांनी वर्ग सोडला, मोजकेच टिकले. विद्यार्थीसंख्याही रोडावली. परंतु एलियट ठाम राहिले. १८७१ साली लँगडेल यांचा करारविषयक निवाड्यांचा संग्रह ग्रंथरूपाने निघाला, वार्षिक परीक्षा सुरू झाल्या आणि पुढे अभ्यासक्रम तीन वर्षांचा झाला. १८७३ साली जेम्स बार एम्स या नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणास अध्यापक नेमले गेले. वकिलीचा फारसा अनुभव नसलेला मनुष्य कायदा शिकवतो, हे त्या काळी अनेकांना विपरीत वाटले. पण कायद्याचे अध्यापन हा स्वतंत्र पेशा मानला जाऊ लागला तो तेथपासून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही निवाडापद्धती अमेरिकेतील बहुतेक विधिविद्यालयांनी स्वीकारली.

या पद्धतीने विद्यालयाच्या जीवनाला विशिष्ट वळण दिले. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शे-सव्वाशे जणांच्या वर्गात बसे; कोणाचे नाव केव्हा पुकारले जाईल याचा नेम नसे. तयारी न करता आलेल्याची भर वर्गात शोभा होई. वर्षभराच्या अभ्यासाची पारख वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेत होई आणि तीतील क्रमांकावर पुढची नोकरी, कधी कधी उभे आयुष्य ठरे. १९७३ सालच्या ‘द पेपर चेज’ या चित्रपटात हा धाक जगाने पाहिला. त्या धाकाने अनेकांची बुद्धी परजली, तशीच अनेकांची उमेदही खचवली, हे नमूद करणे न्याय्य होईल.

परंतु तेथील बौद्धिक जीवन केवळ धाकाचे नव्हते. १८८७ साली विद्यार्थ्यांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले. प्राध्यापकांचे व न्यायाधीशांचे लेख निवडणे, तपासणे, प्रसंगी परत करणे ही कामे विद्यार्थी-संपादकच करीत आणि आजही करतात. आपल्याकडील गुरुशिष्यसंबंधांच्या कल्पनेला हे जरा धक्कादायक वाटावे. याच नियतकालिकात १८९० साली सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन माजी विद्यार्थ्यांनी खासगीपणाच्या हक्कावरील आपला प्रसिद्ध लेख लिहिला. वृत्तपत्रे आणि छायाचित्रे घराच्या उंबरठ्याआत शिरू लागली असता माणसाला एकटे राहू देण्याचा हक्क कायद्याने मानावा, असे त्याचे प्रतिपादन. या लेखाचा प्रवास पुढे भारतापर्यंत कसा झाला, ते ओघाने येईलच.

लँगडेल यांच्या विचारात एक उणीव होती, आणि ती दाखवून देणारेही याच विद्यालयातून निघाले. कायदा केवळ तर्काच्या साखळीने उलगडत नाही, त्यामागे समाजाचा अनुभव असतो, हा मुद्दा येथील माजी विद्यार्थी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८१ च्या आपल्या ग्रंथात मांडला. १९१६ पासून वीस वर्षे अधिष्ठाता असलेल्या रॉस्को पाउंड यांनी कायद्याच्या समाजशास्त्रीय अभ्यासाचा पुरस्कार केला. तरीही एक प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नव्हता. या बाकांवर बसायला कोणाला मिळते?

स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९५० साली. विद्यालयाच्या स्थापनेस तेव्हा एकशे तेहेतीस वर्षे झाली होती. १९५६ साली रूथ बेडर गिन्सबर्ग दाखल झाल्या तेव्हा पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांत स्त्रिया अवघ्या नऊ. अधिष्ठाता एर्विन ग्रिसवोल्ड यांनी या नवागत विद्यार्थिनींना भोजनास बोलावले आणि पुरुषाला मिळू शकणारी जागा आपण का घेतली, असे प्रत्येकीला विचारले. पतीच्या नोकरीमुळे गिन्सबर्ग यांना न्यूयॉर्कला जावे लागले, तेव्हा शेवटचे वर्ष कोलंबिया विद्यापीठात करून हार्वर्डची पदवी मिळावी ही त्यांची विनंती नाकारली गेली. १९५९ साली त्या कोलंबियाच्या पदवीधर झाल्या, १९७० च्या दशकात स्त्रियांना दुय्यम लेखणारे एकेक कायदे त्यांनी न्यायालयापुढे आणले आणि १९९३ साली त्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

याहून दूरगामी कथा चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांची आहे. कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणाऱ्या सैन्यात पहिल्या महायुद्धाच्या वेळी अधिकारी म्हणून अपमान सोसल्यावर कायदा शिकण्याचा निश्चय करून ते हार्वर्डला आले. ‘लॉ रिव्ह्यू’च्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९२२ साली पदवी आणि पुढच्या वर्षी डॉक्टरेट घेऊन ते वॉशिंग्टनला परतले. तेथील हॉवर्ड विद्यापीठ हे कृष्णवर्णीयांचे मुख्य विद्यापीठ. त्याच्या विधिविद्यालयाची धुरा १९२९ साली त्यांच्याकडे आली. रात्रीचे वर्ग चालणारी ती शाळा त्यांनी पूर्णवेळ आणि कसोशीची केली. हार्वर्डचा प्रश्न त्यांनी तेथे नेला. मात्र निवाडे वाचायचे ते ज्या कायद्याने आपल्या समाजाला बांधून ठेवले आहे त्याचे सांधे कोठे सैल आहेत हे पाहण्यासाठी. वर्णामुळे मेरीलँडच्या विधिविद्यालयाची दारे बंद असलेले थर्गुड मार्शल हे त्यांचे शिष्य.

गुरुशिष्यांनी लढ्यासाठी निवडलेले क्षेत्र मोठे सूचक आहे. प्राथमिक शाळांना हात घालण्यापूर्वी त्यांनी विधिविद्यालयांच्या प्रवेशाचे खटले लढवले. कायद्याची शाळा म्हणजे काय हे न्यायाधीशांना समजावून सांगावे लागणार नव्हते; ते स्वतः तेथूनच आलेले. १९३६ साली मेरीलँडचे आणि १९३८ साली मिसूरीचे प्रकरण त्यांनी जिंकले. टेक्सासने मात्र एक युक्ती काढली. एका कृष्णवर्णीय अर्जदाराला विद्यापीठात घेण्याऐवजी त्याच्यासारख्यांकरिता निराळे विधिविद्यालयच उघडले. जून १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की ही समानता नव्हे. विधिविद्यालयाची थोरवी खोल्या आणि पुस्तके मोजून कळत नाही. अध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे स्थान, परंपरा, आणि ज्यांच्याशी पुढे व्यवहार करायचा त्या समाजाबरोबर होणारी विचारांची देवघेव यांनी ती बनते. विद्यालयाचे बौद्धिक जीवन हाच येथे निवाड्याचा आधार ठरला. तो ऐकायला ह्यूस्टन हयात नव्हते; एप्रिलमध्येच त्यांचे निधन झाले होते. याच वाटेने पुढे १७ मे १९५४ चा ‘ब्राऊन’ खटल्याचा निवाडा आला आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

आपल्या देशात ही पद्धती आली ती स्वातंत्र्यानंतर. १९६० च्या दशकात दिल्ली विद्यापीठाच्या विधिविद्याशाखेने पूर्णवेळ तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि निवाडापद्धती स्वीकारली. १९८० च्या दशकाअखेर बंगळुरूचे राष्ट्रीय विधिविद्यालय उभे राहिले. त्याचे संस्थापक-संचालक माधव मेनन यांनी पदवीपूर्व पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि त्या नमुन्यावर आज देशात वीसहून अधिक राष्ट्रीय विधिविद्यापीठे आहेत. मुंबईचे १८५५ चे शासकीय विधिमहाविद्यालय किंवा पुण्याचे १९२४ चे आय. एल. एस. विधिमहाविद्यालय यांची परंपरा त्याहून जुनी आणि आपल्या मातीतली. त्यांनी दिलेले विधिज्ञ पाहता जुन्या पद्धतीला केवळ घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

एका मराठी घराण्यात या दोन्ही परंपरा एकत्र आल्या. पुण्याच्या आय. एल. एस. मध्ये शिकलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड १९७८ ते १९८५ पर्यंत भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड दिल्लीत कायद्याचे पदवीधर झाले आणि हार्वर्डहून त्यांनी १९८३ साली पदव्युत्तर पदवी व १९८६ साली डॉक्टरेट मिळवली. नोव्हेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळात तेही सरन्यायाधीश होते. आणीबाणीत, १९७६ साली, ‘जबलपूर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरवले, की स्थानबद्धाला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. त्या बहुमतात थोरले चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यातील प्रमुख निकालपत्र धाकट्या चंद्रचूडांचे. वॉरन आणि ब्रँडाइस यांच्या १८९० च्या लेखाचा परामर्श त्यात आहे आणि ‘जबलपूर’चा निवाडा गंभीर स्वरूपाच्या चुकीचा होता, असे म्हणून तो रद्दबातल ठरवला आहे. पित्याविषयीचा आदर आणि पित्याच्या निवाड्याची चिकित्सा एकाच घरात नांदू शकतात, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अशीच चिकित्सा हार्वर्डलाही आपल्या पूर्वजाची करावी लागली. १९३० च्या दशकात विद्यालयासाठी जी मुद्रा ठरली, तिच्यावर गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. ते रॉयल घराण्याचे कुलचिन्ह. अनेक दशके ती मुद्रा पदवीपत्रांवर आणि भिंतींवर मिरवली. ते धान्य कोणी कापले असे कोणी विचारले नाही. विद्यालयाच्याच इतिहासकारांनी गुलामगिरीच्या धनाची कथा उजेडात आणली. २००३ साली अधिष्ठाता झालेल्या एलेना केगन यांनी परंपरेने चालत आलेले रॉयल अध्यासन न घेता ह्यूस्टन यांच्या नावाचे अध्यासन पत्करले. २०१५ साली विद्यार्थ्यांनी मुद्रेविरुद्ध चळवळ केली. विद्यालयाने समिती नेमली. तीत मतभेद झाले. मुद्रा ठेवूनच त्या गुलामांचे स्मरण जिवंत राहील, असेही एक मत लेखी मांडले गेले. अखेर मार्च २०१६ मध्ये मुद्रा निवृत्त झाली, २०१७ च्या द्विशताब्दीनिमित्त त्या गुलामांच्या स्मरणार्थ प्रांगणात एक शिळा बसवण्यात आली आणि २०२१ साली नवी मुद्रा आली.

आमच्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग मुद्रा गेली हा नसून ती ठेवावी की न ठेवावी याचा वाद दोन्ही पक्षांनी कारणे देऊन, कागदावर केला, हा होय. लँगडेल यांनी विद्यार्थ्यांना लावलेली सवयच संस्थेच्या उपयोगी पडली. आपणही जुन्या वस्त्यांतली माणसे. आपल्या शाळा, वाचनालये, मंदिरे आणि धर्मशाळा संस्थानिकांच्या, जहागीरदारांच्या आणि सावकारांच्या देणग्यांवर उभ्या आहेत. त्यांच्या नावांच्या शिळा आपण जपतो आणि त्या जपायलाच हव्यात. परंतु त्या जमिनीवर कोण राबत होते, ते धान्य कोणाच्या घामाचे होते, वर्गाबाहेर कोणाला उभे केले जात होते, हेही आपल्या दप्तरांतून शोधून लिहून ठेवायला हवे. संस्थांच्या जुन्या इतिवृत्तांत, जमाखर्चाच्या वह्यांत आणि अर्जांच्या गठ्ठ्यांत अशा नोंदी सापडण्याचा संभव आहे. ज्या संस्थांची शताब्दी झाली वा जवळ आली आहे, त्यांनी स्मरणिकेचा संकल्प करताना देणगीदारांच्या नामावळीबरोबर एखादे प्रकरण या नोंदींसाठी राखावे, ही आमची सूचना.